नेट झिरो घर: नियम, अनुदान आणि स्लॅब. सांगली-साताऱ्याहून वारंवार येणारे प्रश्न

सांगलीत घरांचे नकाशे काढायचे आणि साइटवर उभं राहायचं, हे माझं रोजचं काम. पूर्वी लोक विचारायचे, "वास्तूप्रमाणे किचन बसतंय का?" आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो, "लाईटबिल झिरो होईल असं घर द्या." व्हॉट्सअ‍ॅपवर आणि साइटवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. नेट झिरो घर म्हणजे लाईटबिल शून्य येणारं घर ना?

नाही. नेट झिरो म्हणजे घराने वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरली, तेवढी स्वतःच्या जागेत तयार केली. हिशेब वर्षाचा असतो, महिन्याचा नव्हे. जुलैत आभाळ उघडत नाही तेव्हा तुम्ही महावितरणची वीज घेता, एप्रिलमध्ये जास्तीची वीज परत देता, आणि वर्षअखेर दोन्ही पारडी सारखी होतात. बिल मात्र शून्यावर येत नाही. मीटर आहे तोवर स्थिर आकार भरावाच लागतो, युनिट शून्य असले तरी. "बिल शून्य" अशी जाहिरात करणाऱ्याला एवढं एकच विचारा, स्थिर आकार कोण भरणार?

२. नवीन घर नेट झिरो बांधणं सरकारने सक्तीचं केलंय का?

तुमच्या-आमच्या बंगल्याला सक्ती नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने पहिल्यांदाच निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या, पण १०० किलोवॅट जोडभार (सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा १२० केव्हीए करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे. साध्या बंगल्याचा मंजूर भार तीन ते पाच किलोवॅट असतो, तेव्हा कायदा आज तरी तुमच्या फाटकापाशीच थांबतो. सांगलीच्या विश्रामबागेतली लिफ्ट, पंप आणि शे-सव्वाशे फ्लॅट असलेली स्कीम मात्र या आकड्याच्या आसपास सहज जाते.

बाहेरच्या देशांत सक्ती आली आहे. कॅलिफोर्नियात २०२० पासून नव्या घरांवर सौर पॅनेल बंधनकारक आहेत. युरोपीय संघाने २०३० पासून सगळ्या नव्या इमारती शून्य उत्सर्जनाच्या असाव्यात असं ठरवलं आहे. आपल्याकडे देशाचं उद्दिष्ट २०७० चं आहे.

३. इको निवास संहिता म्हणजे काय? माझा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, मला लागू आहे का?

घरांसाठीची ही ऊर्जाबचतीची संहिता केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने आणि ऊर्जा दक्षता ब्युरोने केली. पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये आला. तो घराच्या अंगाबद्दल बोलतो, म्हणजे भिंती, छप्पर आणि खिडक्या. २०२१ च्या दुसऱ्या भागात लिफ्ट, पंप, सामाईक दिवे अशा यंत्रणा आल्या आणि २०२४ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. व्यापारी इमारतींची संहिता वेगळी. ती २००७ पासून आहे आणि २०१७ मध्ये सुधारली गेली.

पहिल्या भागाची पायरी आहे ५०० चौरस मीटरच्या प्लॉटची, म्हणजे जवळपास पाच गुंठे. तुमचे दोन गुंठे म्हणजे २०२ चौरस मीटर, तेव्हा लागू नाही. शिवाय केंद्राने संहिता करायची आणि राज्याने ती आपल्या बांधकाम नियमांत उतरवायची, अशी ही रचना आहे. मात्र लागू नाही म्हणून निरुपयोगी आहे असं नाही. तिच्यातले दोन-तीन आकडे मी दोन गुंठ्यांच्या घरालाही लावतो.

४. संहितेतले आकडे साध्या भाषेत सांगाल का? कॉन्ट्रॅक्टरला काय सांगू?

सगळ्यात महत्त्वाचा आकडा छपराचा. संहिता म्हणते, छपराची उष्णता-वाहकता १.२ पेक्षा जास्त नसावी. एकक आहे वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश. आपला सहा इंची उघडा स्लॅब तीनच्या पुढे असतो. म्हणजे परवानगीच्या अडीच-तीन पट उष्णता तो खाली सोडतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तरी आकडा दोनच्या खाली येत नाही. कोबा पाण्यासाठी आहे, उन्हासाठी नाही. हे वाक्य मी प्रत्येक साइटवर म्हणतो आणि प्रत्येक साइटवर एक काका म्हणतात, "आमच्या जुन्या घराला कोबाच होता की!" त्या घरावर शेजारच्या चिंचेची सावली होती, हे ते सांगत नाहीत.

करायचं काय, तर स्लॅबवर चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस फोमचे बोर्ड, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि स्क्रीड, आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइल्स किंवा पांढरा चायना मोझॅक. एवढ्याने आकडा एकच्या खाली येतो. आमच्या वरच्या मजल्यावर हे करण्याआधीचा मे महिना आठवतो. रात्री अकरा वाजता छताला हात लावला तर तवा विझवल्यावर अर्ध्या तासाने लागतो तसा लागायचा. पंखा तीच गरम हवा खाली ढकलायचा. आई उशी घेऊन जिन्याखाली झोपायला जायची.

दुसरा आकडा भिंती-खिडक्यांचा. बाहेरच्या भिंतीच्या दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. यात छप्पर धरत नाहीत. हे गणित नकाशावरून साध्या तक्त्यात मांडता येतं, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा, की पश्चिमेच्या मोठ्या काचा टाळा, खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा द्या, आणि शक्य तिथे एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक) वापरा. पश्चिमेला काचेची पूर्ण भिंत आणि वर दोन एसी, असा "एलिव्हेशनचा" हट्ट माझ्याकडे महिन्यातून एकदा येतो.

तिसरा आकडा उघडणाऱ्या खिडक्यांचा. हवामान विभागानुसार जमिनीच्या क्षेत्राच्या ८ ते १७ टक्क्यांच्या दरम्यान इतकी उघडी जागा हवी. इथे एक मेख आहे. स्लायडिंग खिडकी चार फुटांची असली तरी उघडते दोनच फूट. म्हणून मी कब्ज्याच्या खिडक्या सुचवतो.

५. आमचं माण तालुक्यात जुनं माळवदाचं घर आहे. ते पाडून स्लॅबचं बांधावं की ठेवावं? नेट झिरोत बसेल का?

बसवायला ते स्लॅबच्या घरापेक्षा सोपं आहे. दीड-दोन फुटांच्या भिंती आणि लाकडावर थापलेली पांढरी माती दिवसाची उष्णता अडवून धरतात. सांगलीकरांनी हरिपूरची हळदीची पेवं आठवावीत. जमिनीखाली हळद टिकायची त्यात मातीच्या स्थिर तापमानाचा मोठा वाटा. माळवदाची अडचण पाणी आणि वजन ही आहे. पॅनेलचा सांगाडा माळवदावर कधीही उभा करू नका. अंगणात किंवा गोठ्याच्या शेडवर, नाहीतर स्वतंत्र लोखंडी खांबांवर बसवा. माण-खटाव, आटपाडी, जत या भागात पाऊस कमी आणि ऊन भरपूर, त्यामुळे पॅनेलला वर्ष चांगलं मिळतं. फक्त धूळ फार, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा पाण्याने धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, सकाळी लवकर धुवा.

६. मला किती किलोवॅटचं सोलर लागेल?

सोलरवाल्याला विचारण्याआधी बारा महिन्यांची बिलं काढून युनिटची बेरीज करा. समजा १०० चौरस मीटरचं घर आहे आणि वर्षाला २,४०० युनिट लागतात. म्हणजे दर चौरस मीटरला २४ युनिट. आपल्याकडे एक किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट धरावेत, आणि सावली नसलेली शंभर चौरस फूट जागा. तेव्हा दोन किलोवॅटमध्ये हे घर नेट झिरो होतं.

आता उलट बाजूने पाहा. पाच जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे. त्यांच्या जागी ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले आणि पंखे दिवसाला दहा तास चालत असतील, तर रोज सव्वादोन युनिट वाचतात. वर्षातले तीनशे दिवस धरले तर पावणेसातशे युनिट, म्हणजे अर्ध्या किलोवॅटचं पॅनेल. सरकार पॅनेलला पैसे देतं, पंख्याला आणि स्लॅबच्या फोमला देत नाही. म्हणून लोक आधी पॅनेल लावतात आणि तापलेल्या खोलीत त्याच विजेवर एसी चालवतात. माझा क्रम आधी छप्पर, मग पंखे-फ्रीज आणि शेवटी पॅनेल असा आहे.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल सतरा अंशांच्या आसपास ठेवा. सांगली-सातारा याच अक्षांशावर आहेत.

७. अनुदान किती मिळतं आणि कोणाला?

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. उद्दिष्ट एक कोटी घरांचं, तरतूद ७५,०२१ कोटींची आणि मुदत २०२६-२७ आर्थिक वर्षापर्यंतची. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,००० च्या वर काही नाही. पाच किलोवॅट बसवले तरी ७८,०००च.

छप्पर तुमचं हवं आणि वीजजोडणी चालू हवी. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, आणि रक्कम यंत्रणा चालू होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते. "अनुदान आमच्या खात्यात घेतो, तुम्ही फक्त सही करा" असं कोणी म्हटलं तर सही करू नका.

राज्याची 'स्मार्ट' योजना याच्या जोडीला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॅटसाठी राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. म्हणजे केंद्राचे ३०,००० धरून पन्नास हजारांच्या यंत्रणेत स्वतःचे अडीच हजार. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या इतर ग्राहकांनाही काही जादा रक्कम आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठी राज्याने २०२५ मध्ये अनुदान ५०,००० रुपयांनी वाढवलं, त्यातले १५,००० छतावरच्या सौर यंत्रणेसाठी राखीव आहेत.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. सगळं गाव एकत्र आलं तर काय होतं ते पाहायला लांब जायची गरज नाही.

८. आमच्याकडे आधीच सोलर आहे, मग परत कशाला?

आपल्याकडे "सोलर" म्हणजे गरम पाण्याचा बंब, म्हणून हा गोंधळ होतो. तो वीज तयार करत नाही, वाचवतो. तो काढून टाकू नका. गिझरची वीज वाचली की तेवढे पॅनेल कमी लागतात. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतो, एवढी एक देखभाल ठेवा. गच्चीत बंबाची टाकी उत्तरेला सरकवा, नाहीतर तिची सावली नेमकी पॅनेलवर पडते.

९. पॅनेल लावले, तरी लाईट गेली की घरात अंधार! फसवलं का आम्हाला?

फसवलं नाही, पण सांगितलं नाही. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईन बंद होताच स्वतः बंद होतो. तसं नसतं तर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसला असता. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीला अनुदान नाही. माझ्या मते गावठाणात दिवे-पंख्यांपुरता जुना इन्व्हर्टर पुरे.

१०. उरलेल्या युनिटचं काय होतं? पैसे मिळतात का?

महिन्याचे जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात. हिशेब ३१ मार्चला मिटतो. तोवर न वापरलेले युनिट महावितरण विकत घेते, वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने. हा दर तुम्ही भरता तो घरगुती दर नव्हे. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून "धंदा" होत नाही.

पूर्वी यंत्रणा मंजूर भारापेक्षा मोठी असली की भारवाढीचा वेगळा अर्ज आणि तांत्रिक तपासणी करावी लागायची. फेब्रुवारी २०२४ च्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने दहा किलोवॅटपर्यंतचे अर्ज तपासणीशिवाय मान्य धरले जातात आणि लागणारी भारवाढ त्यातच होते.

११. नगरपालिकेत वेगळी परवानगी लागते का? एफएसआय वाढवून मिळतो असं ऐकलं.

आपल्याकडे डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आहे. लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, सातारा, कराड, विटा, सगळीकडे तीच. एफएसआयचं (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाचं) खरं आहे, पण ते हरित मानांकनाला मिळतं, नेट झिरो या नावाला नाही. गृहा आणि आयजीबीसी ही अशी दोन मानांकनं. गृहा तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हरला मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ आणि पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. दोन गुंठ्यांवर ३ टक्के म्हणजे सहा-सात चौरस मीटर, एक बाथरूम आणि थोडी जागा. मानांकनाची फी आणि कागदं धरली तर बंगल्याला परवडत नाही, अपार्टमेंटला परवडतं.

१२. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गच्ची सगळ्यांची. काय करता येईल?

सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे आणि गाड्यांच्या चार्जिंगसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते घरामागे तीन किलोवॅट या हिशेबाने ५०० किलोवॅटपर्यंत मिळतं. सामाईक प्लांटचे युनिट सभासदांच्या बिलांत वाटून घेण्याची व्हर्च्युअल नेट मीटरिंगची रचनाही योजनेत पात्र आहे. पण चार मजल्यांच्या वर गेलं की गच्ची कमी आणि घरं जास्त, त्यामुळे पूर्ण इमारत नेट झिरो होणं अवघड. आधी सभेत ठराव करा. गच्चीवर उन्हाळी कामं करणाऱ्या वहिनींचं मत सगळ्यात आधी घ्या. सांगाडा सात-आठ फूट उंच केला तर खाली पापड-कुरडया वाळवायला जागा उरते आणि स्लॅबवर सावलीही पडते.

१३. आमचं घर पूरपट्ट्यात आहे. सोलर लावावं का?

लावा, पण इन्व्हर्टर, मीटर आणि डीसी-एसी पेट्या वर न्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकडच्या एका घरी मीच सांगून इन्व्हर्टर पार्किंगच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला बसवला होता. वायर कमी लागते म्हणून. पाणी उतरल्यावर गेलो तर पेटीतून चिखल निघाला, आणि वर गच्चीत पॅनेल स्वच्छ धुतल्यासारखे चकाकत होते. मालकांनी मला काही बोलायच्या आधी चहा दिला, त्याने जास्तच वाईट वाटलं. तेव्हापासून दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटसारख्या भागात इन्व्हर्टर जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीत असतो. खालच्या मजल्याचं वायरिंग वेगळ्या एमसीबीवर असतं, म्हणजे पाणी आल्यावर तेवढंच बंद करता येतं. विम्यात सौर यंत्रणेचा वेगळा उल्लेख करून घ्या.

१४. पाचगणीला बंगला बांधतोय. हेच नियम ना?

नाही. यूडीसीपीआर गिरिस्थान नगरपरिषदांना आणि केंद्राने अधिसूचित केलेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांना लागू होत नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून असं क्षेत्र आहे, तेव्हा प्रश्न ११ मधलं काही इथे गृहीत धरू नका. हवामानही उलट. इथे उष्णता बाहेर अडवण्यापेक्षा आतली टिकवणं आणि ओल रोखणं महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर पॅनेल जवळपास नावालाच. वर्षाचा हिशेब जुळवायला प्रश्न ६ मधल्यापेक्षा यंत्रणा मोठी लागते. जांभ्याच्या भिंती, उतरतं छप्पर आणि दक्षिणेचा काचेचा व्हरांडा, हे जुन्या लोकांनी उगाच केलं नव्हतं.

१५. चाळकेवाडीला एवढ्या पवनचक्क्या आहेत, मग माझ्या गच्चीवर एक छोटी का नको?

चाळकेवाडीचं पठार उंच आणि मोकळं आहे, आणि तिथली पाती जमिनीपासून कितीतरी वर फिरतात. तुमच्या गच्चीवर शेजाऱ्याची टाकी, नारळ आणि मोबाईल टॉवर यांना वळसा घालून येणारा तुटक वारा असतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर ऊर्जा आठव्या हिश्शावर येते. गाव सोडून डोंगरमाथ्यावर राहत असाल तर बोलू.

१६. गॅसची शेगडी आणि ई-स्कूटर हिशेबात धरायची का?

व्याख्या "ऊर्जेची" आहे, तेव्हा प्रामाणिक हिशेबात गॅसही आला. वीज तेवढी मोजायची असेल तर "वीज-शून्य घर" म्हणा, काही बिघडत नाही. स्कूटर घरात चार्ज करत असाल तर ते युनिट तुमच्या बिलात येतातच. लवकरच स्कूटर घ्यायची असेल तर पॅनेल घेतानाच अर्धा किलोवॅट जास्त धरा.

१७. शेतातल्या घराला पंपाच्या जोडणीवरून हे करता येईल का?

नाही. पंपाची जोडणी शेतीसाठी, तिची सौर योजना वेगळी. घराला घरगुती जोडणी घ्या, मग प्रश्न ७ प्रमाणे अर्ज करा.

१८. बिल्डर म्हणतो आमची स्कीम "नेट झिरो सर्टिफाइड" आहे. कसं तपासू?

कोणाचं प्रमाणपत्र, ते विचारा. ऊर्जा दक्षता ब्युरोचं इमारतींसाठी 'शून्य' नावाचं लेबल आहे. वर्षाचा निव्वळ वापर दर चौरस मीटरला ० ते १० युनिटच्या दरम्यान असेल तर शून्य, आणि उणे असेल तर 'शून्य प्लस'. आयजीबीसीचं नेट झिरो मानांकनही आहे. प्रमाणपत्र इमारतीचं आहे की फक्त नकाशाचं, तारीख कोणती, आणि गच्चीवर किती किलोवॅट लागणार आहेत, हे लेखी मागा. मग तो आकडा फ्लॅटच्या संख्येने भागा. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी मला माहितीपत्रक पाठवलं. अठ्ठेचाळीस फ्लॅट आणि दहा किलोवॅट. म्हणजे घरामागे दोनशे वॉट. त्यात तीन ट्यूबलाइट आणि एक मिक्सरसुद्धा एकदम चालत नाहीत.